पिशव्यांचा खण

"पिशवी हवी का?"

"हवी का म्हणजे? एवढं सगळं काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"पिशवीचे वेगळे पैसे पडतील."

"केव्हापासून?"

"पहिल्या तारखेपासून. नगरपालिकेचा नियम आहे."

"मग नको," असं म्हणून त्या गृहस्थाने खरोखरच डोक्यावरची टोपी काढली, काउंटरवर उलटी ठेवली आणि तीत एकेक अंडं रचायला सुरुवात केली. टोपी भरली तेव्हा उरलेली अंडी शर्टाच्या खिशात गेली. साबणाची वडी एका काखेत, बिस्किटांचा पुडा दुसऱ्या काखेत आणि तेलाची बाटली हनुवटीखाली असा साजशृंगार करून तो दाराकडे निघाला.

दुकानाचं दार आत ओढायचं होतं.

गृहस्थ दारासमोर उभा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं, मग टोपीकडे. हात दोनच होते आणि दोन्ही टोपीत गुंतलेले. मागे वळून मदत मागावी तर हनुवटी उचलावी लागली असती आणि बाटली गेली असती. तो तसाच उभा राहिला, एखाद्या तत्त्वाचा पुतळा उभा असावा तसा. कॅशियरला ते दिसत होतं. बाहेरून एक बाई घाईघाईने येते आहे हेही काचेतून दिसत होतं. काहीतरी ओरडायला हवं हे त्याला कळत होतं, पण काय ओरडावं याचा विचार पूर्ण व्हायच्या आत बाईने दार ढकललं.

कॅशियर पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

"पिशवी हवी का?"

किराणा आणि घरगुती सामानाच्या त्या दुकानात तो इतकी वर्षं गल्ल्यावर बसत होता, की गिऱ्हाइकं त्याला यंत्राचाच एक भाग समजायची. नियम आला तेव्हा मॅनेजरने सगळ्यांना गोळा करून शिकवलं होतं. वाक्य तोंडभर हसून म्हणायचं, म्हणजे माणूस चिडत नाही. कॅशियरने एकदा हसून पाहिलं. समोरच्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का?" तेव्हापासून मॅनेजरने त्याला हसण्यातून सूट दिली.

तसं पाहिलं तर हसण्यासारखं पुष्कळ होतं. लोक उशीच्या अभ्र्यात बटाटे नेत होते. एकाने छत्री उलटी उघडून तीत कांदे भरले. एक जण चक्क बाळाच्या गाडीत तांदूळ घालून, बाळ खांद्यावर टाकून गेला. पूर्वी कॅशियर हे सगळं घरी जाऊन बायकोला सांगत असे. तिला हसू आवरत नसे आणि तिला हसताना पाहून यालाही आपण काहीतरी विनोदी बोललो असं वाटायचं. आता गमती साठत चालल्या होत्या आणि त्यांचं करायचं काय ते त्याला कळत नव्हतं.

बायको गेली आणि पुढच्याच महिन्यात नियम आला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो हा प्रकार. कारण साऱ्या गावात या नियमासाठी तयार असं एकच माणूस होतं, आणि ते तीच.

ती पिशव्या जपून ठेवायची. तशा सगळ्याच बायका ठेवतात, पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी. हिचं तसं नव्हतं. ही घडी घालायची. पिशवी मांडीवर पसरून तळहाताने तिच्यातली हवा काढायची, उभी दुमडून पट्टी करायची आणि मग खालच्या टोकापासून त्रिकोणावर त्रिकोण घालत वर यायची. शेवटी उरलेलं शेपूट आत खोचलं की तळहातावर मावणारा एक टणक त्रिकोण तयार. बातम्या बघताना घड्या, फोनवर बोलताना घड्या. भांडताना तर त्रिकोण जास्तच टोकदार व्हायचे. नवरा चिडवायचा, "जपून ठेव, जपून ठेव. एक दिवस पिशव्यांना सोन्याचा भाव येणार आहे." ती म्हणायची, "येऊ दे की. तेव्हा मागू नका म्हणजे झालं."

सगळे त्रिकोण ओट्याखालच्या तिसऱ्या खणात जायचे. हा खण कधीच पुरता बंद झाला नाही. कितीही लोटा, दोन बोटं उघडाच राहायचा. येता-जाता तिचा पदर त्यात अडकायचा, याचा गुडघा त्यावर आपटायचा. गुडघ्याने दाबला तर तेवढ्यापुरता आत जायचा आणि पाठ वळली की पुन्हा बाहेर यायचा, समजूत काढलेल्या पोरासारखा.

"एवढ्या पिशव्या कोंबल्यावर कसा लागेल तो?"

"पिशव्यांनी नाही हो. मागे काहीतरी अडकलंय. जरा बघा ना."

"बघतो."

हे संभाषण त्या दोघांमध्ये इतक्या वेळा झालं होतं की शेवटी शेवटी ती नुसती खणाकडे बोट दाखवायची आणि तो नुसती मान हलवायचा. "बघतो" हा त्याचा आवडता शब्द. नळ गळतोय, बघतो. पोटात दुखतंय, दाखवायला हवं, बघतो. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन आता फारसं हातात नाही असं सांगितलं, तेव्हाही त्याच्या तोंडून सवयीने "बघतो" गेलं. डॉक्टरही सवयीने "हो, बघा" म्हणाले.

मूलबाळ नव्हतं. त्यामुळे बायको गेल्यावर घराचा ताबा तिच्या थोरल्या बहिणीने घेतला. थोरली मेहुणी कामाला वाघ. तिने एका दुपारात कपाट रिकामं केलं. साड्या संस्थेला, चपला मोलकरणीला, चष्मा दवाखान्याच्या पेटीत. कंगवासुद्धा तिने कुठेतरी मार्गी लावला.

"भाऊजी, वस्तू डोळ्यांसमोर राहिल्या ना, की माणूस त्यातच घुटमळतो."

"बरं."

"रडलात का तुम्ही?"

"अजून नाही."

"रडा हो. कोंडून ठेवलं की रक्तदाब वाढतो. आमच्या ह्यांचं बघा, दर दोन दिवसांनी रडतात, कशावरही. एकशेवीस ऐंशी."

"बघतो."

मग ती स्वयंपाकघरात शिरली. पहिला खण झाला, दुसरा झाला. तिसरा मात्र तिला उघडेना. तो उघडायची एक खुबी होती. आधी जरा वर उचलायचा, मग डावीकडे रेटायचा आणि मगच ओढायचा. मेहुणीने तो सरळ ओढला. पुन्हा ओढला. पाय लावून ओढला.

"हा मेला उघडत का नाही?"

"अडकतो तो."

"आहे काय आत?"

"काही नाही. पिशव्या."

"मग मरू दे," मेहुणी म्हणाली आणि हात धुतले. अशा रीतीने घरात बायकोच्या हातची एवढी एकच गोष्ट राहिली, आणि ती राहिली ती खण नीट चालत नव्हता म्हणून.

रोज कामावरून आला की तो खुबीने खण उघडायचा आणि बघायचा. पिवळे, निळे, पांढरे, फिक्कट हिरवे त्रिकोण एकमेकांना रेलून बसलेले असायचे. त्यांना तो हात लावत नसे. काही वाटायचं अशातलाही भाग नव्हता. दाढ काढल्यावर जीभ जशी आपोआप त्या खड्ड्यात जाते, तसा तो तिथे जायचा. मग गुडघ्याने खण लोटून चहा टाकायचा.

नियम आला त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची शिलाईवाली वर आली.

"अहो, वहिनींच्या पिशव्या आहेत ना तुमच्याकडे? एक द्या की. बाजारात निघालेय. विकत घ्यायचं अगदी जिवावर येतं हो. काल फुकट मिळायची ती आज विकत घ्यायची म्हणजे आपलंच नाक आपल्याला विकल्यासारखं झालं."

त्याने एक दिली. शिलाईवालीने दारातच ती एका झटक्यात उघडली. फट्ट आवाज झाला. कॅशियर दचकला आणि आपण का दचकलो ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी परत आणून दिली. बाई सज्जन, धुऊन वाळवून आणली होती. पण सपाट. कॅशियर टेबलाशी बसला आणि घडी घालू लागला. इतकी वर्षं समोर बसून पाहिलं होतं, त्यात काय अवघड आहे? पट्टी झाली. पहिला त्रिकोण झाला. दुसरा पहिल्यावर चढायला तयार होईना. शेवटी जे झालं ते त्रिकोण नव्हतं, चौकोन नव्हतं, भूमितीने अजून ज्याला नाव दिलेलं नाही असं काहीतरी होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि तो झोपायला गेला. सकाळी पाहिलं तर पिशवी आपली आपण उघडून उताणी पडली होती, दोन्ही बंद वर करून, शरण आल्यासारखी.

तेव्हा त्याला एक गोष्ट कळली. पिशव्या खणभर होत्या, पण घड्या जेवढ्या होत्या तेवढ्याच होत्या. एक उघडली की एक कमी. नवीन होणार नव्हती.

दोन दिवसांनी शिलाईवाली पुन्हा आली.

"संपल्या," तो म्हणाला.

"संपल्या? परवा खण गच्च होता की!"

"संपल्या."

शिलाईवालीने त्याच्या खांद्यावरून स्वयंपाकघरात पाहिलं. दोन बोटांच्या फटीतून एक पिवळं टोक बाहेर डोकावत होतं. तिने टोकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ती काही न बोलता खाली गेली. बोलायचं ते तिने राखून ठेवलं होतं, आणि ते तिने शनिवारी दुकानात, भरल्या रांगेत काढलं.

"पिशवी हवी का?" कॅशियरने विचारलं.

"ऐका! मला विचारतात, पिशवी हवी का! अहो लोकहो, यांच्या घरी खण भरून पिशव्या आहेत, खण भरून! लग्नापासूनच्या! शेजारणीला एक देववत नाही आणि इथे बसून मलाच विकतात! माणसाने चिकट असावं, पण किती? आमच्या वहिनी असत्या तर चार दिल्या असत्या, वर चहा पाजला असता!"

रांगेत खसखस पिकली. कॅशियरने तिची बिस्किटं मशीनवरून सरकवली. पण नेमका त्याच वेळी नगरपालिकेचा अधिकारी मॅनेजरबरोबर नियमाची पाहणी करत मागे उभा होता. तरुण होता, नवा लागला होता आणि गळ्यातलं ओळखपत्र रविवारीही काढत नसावा असा चेहरा होता. 'खण भरून' हे शब्द कानावर पडताच तो काउंटरशी आला.

"काका, खरंच? खण भरून? आणि सगळ्या जपून ठेवलेल्या?"

"घडी घालून," शिलाईवाली परस्पर म्हणाली. नाही म्हटलं तरी तिला शेजारणीचा अभिमान होता.

"अहो, आम्ही गावभर बोर्ड लावतोय, पिशवी पुन्हा वापरा, पुन्हा वापरा, आणि इथे एक बाई वर्षानुवर्षं ते करतेय! कुठे असतात काकू?"

"नसतात," कॅशियर म्हणाला.

"म्हणजे?"

"वारल्या."

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. त्याने हात जोडले, खाली पाहिलं आणि पुरता श्वास घेण्याइतका वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, राग मानू नका. पण मग तर हे आणखीच प्रेरणादायी आहे."

त्याच्या डोक्यात प्रदर्शन आकार घेऊ लागलं होतं. नगरपालिकेचा हॉल, त्यात काकूंच्या पिशव्या, मरणोत्तर सन्मान. नाव तर त्याने तिथल्या तिथे काढलं, 'एक घर, एक खण'. मॅनेजरने दुकानाचा फलक मागे लावायची तयारी दाखवली. रांग खोळंबली होती. मागचा माणूस दुधाच्या बाटलीने काउंटर ठोकत होता.

"आम्ही नेल्या तर चालेल ना, काका? परत आणून देऊ. अगदी जपून."

"बघतो," कॅशियर म्हणाला.

आता सरकारी कचेरीत "बघतो" याचा अर्थ नाही असा होतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हा अधिकारी नवा होता. त्याने कॅशियरचा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

रविवारी तो दोन स्वयंसेवक बायांना आणि एका खोक्याला घेऊन दारात हजर. मेहुणीही आली होती, बहिणीचा सन्मान म्हटल्यावर ती कशी राहील? सगळे मिळून खण पुन्हा सरळ ओढायला लागले तेव्हा कॅशियर उठला. आतले त्रिकोण मोडतील म्हणून त्याने स्वतःच तो खुबीने उघडून दिला.

"अगंबाई!" एक स्वयंसेविका म्हणाली. "किती गोड आहेत हो!"

ओंजळी भरभरून त्रिकोण खोक्यात जाऊ लागले. कॅशियर ओट्याला टेकून उभा होता. घशाशी काहीतरी आलं होतं. ते रडू नव्हतं, वाक्य होतं. उघडू नका. बस, एवढंच. दिवसाकाठी शेकडो वेळा एकच वाक्य बिनचूक म्हणणाऱ्या माणसाला दोन शब्द काही जड नव्हते.

"त्या तशाच..." त्याने सुरुवात केली.

"काही काळजी करू नका, काका," अधिकारी म्हणाला. "स्वतःच्या आईच्या असल्यासारख्या सांभाळू."

"बरं," कॅशियर म्हणाला.

आणि त्यांनी सांभाळल्या. तोच तर घोटाळा झाला.

हॉलमध्ये शिरल्यावर कॅशियरला आधी कळलंच नाही की हे आपल्या घरचं आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर चिमट्यांनी पिशव्या लटकवलेल्या होत्या. उघड्या, ताणलेल्या, कडक. पंखा फिरला की सगळ्या एकदम डावीकडे वळायच्या, मग एकदम उजवीकडे, टेनिसचा सामना बघायला बसल्यासारख्या. त्रिकोण कुठेच नव्हता.

खोकं नेणारी स्वयंसेविका लगबगीने पुढे आली. तिच्या बोटाला भाजल्याची पट्टी होती.

"बघितलंत, काका? एकेक उघडली, धुतली, वाळवली. मग वर कागद ठेवून कोमट इस्त्री. घड्यांचे वळ काही केल्या जात नव्हते हो! रात्रीचा दिवस केला. आता शोधा, एक सुरकुती सापडणार नाही तुम्हाला."

कॅशियरने जवळची पिशवी निरखून पाहिली.

"नाही," तो म्हणाला. "सापडत नाही."

तिच्यावर चिडावं तर कसं? तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की तो मोडायला अंगात काहीतरी लागतं. ते त्याच्यात नव्हतं. तो रांगेने हिंडू लागला. चपलांचं एक दुकान, आता बंद पडलेलं. पडद्यांचं दुकान, जिथून त्यांनी पडदे आणले आणि खिडकीला आखूड पडले. छत्र्यांचं दुकान, जिथली छत्री त्याच दिवशी वाऱ्याने उलटी झाली आणि बायको रस्त्यातच बसून हसत सुटली होती. मग त्याच्याच दुकानाची जुनी पिशवी, जुन्या लाल अक्षरांची. बायको त्याच्या दुकानात आली की त्याच्याच रांगेत उभी राहायची. शेजारचं काउंटर मोकळं असलं तरी. तिचा नंबर आला की अनोळखी बाईसारखी सामान पुढे ठेवायची, तोही अनोळख्यासारखं बिल करायचा. "थँक्यू हं," असं म्हणून ती पिशवी उचलायची आणि जायची. मागे वळून बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो खेळ कोणी सुरू केला तेही आठवत नव्हतं.

मांडणी रंगांप्रमाणे केली होती. शेवटची अख्खी भिंत फिक्कट हिरवी होती. त्या एकाच दुकानाच्या पिशव्या होत्या, इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानाच्या. खणात त्या बाकीच्या रंगांत मिसळून गेल्या होत्या. इतक्या असतील असं त्याला वाटलं नव्हतं. म्हणजे औषधं घरी आल्यावर, गोळ्या घेऊन झाल्यावर, ती पडल्या पडल्या यांच्याही घड्या घालत होती.

शेजारी एक जोडपं उभं होतं.

"हा कोपरा किती शांत वाटतो ना?" बाई म्हणाली.

"हो," कॅशियर म्हणाला. "शांतच होतं."

मग भाषणं झाली. सन्मानचिन्ह म्हणून नगरपालिकेने काचेची एक पिशवी घडवून घेतली होती. काचेची, दोन बंदांची, वरून उघडी. तीत काही ठेवलं तर ती फुटली असती. कॅशियरला टाळ्यांच्या गजरात वर बोलावलं, पिशवी हातात दिली आणि माइकसमोर उभं केलं.

"दोन शब्द, काका. मनातलं काहीही."

समोर माणसांच्या रांगा होत्या. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. हातात वस्तू. कॅशियरने तोंड उघडलं.

"पिशवी हवी का?"

मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसू असं पसरलं की खुर्च्या वाजू लागल्या. टाळ्या थांबेनात. अधिकारी डोळे पुसत हसत होता, मॅनेजर शेजाऱ्याला "आमचाच माणूस" असं सांगत होता. मेहुणी पहिल्या रांगेत हुंदके देत होती. "किती छान बोललात, भाऊजी," ती नंतर म्हणाली. "थोडक्यात, पण पोटातून."

हॉल रिकामा झाल्यावर पिशव्या उतरवून त्यांची चळत केली गेली. इस्त्री केलेली, टोकाला टोक जुळवलेली.

"काका, न्यायला पिशवी आणलीय ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

अधिकारी अवघडला. "आमच्याकडे आहेत. पण त्याचं काय आहे, शुल्क घ्यावंच लागेल हो. आम्हीच नियम मोडला तर..."

"नको," कॅशियर म्हणाला. नियम त्याला अधिकाऱ्यापेक्षा चांगला पाठ होता.

त्याने दोन्ही हात पुढे केले. अधिकाऱ्याने हातांवर चळत ठेवली, चळतीवर काचेची पिशवी ठेवली. कॅशियर हळूहळू चालत दारापाशी गेला.

दार आत ओढायचं होतं.

तो दारासमोर उभा राहिला. अंडीवाला गृहस्थ त्याला आठवला, आणि त्याला हाक मारायला हवी होती असंही वाटलं. एवढ्यात मागून कोणीतरी आलं आणि दार ओढून धरलं. शिलाईवाली होती. तिने काचेची पिशवी उचलून घेतली आणि दोघं चालू लागले.

"मी एकच मागितली होती हो," वाटेत ती म्हणाली.

"हो."

"मला काय ठाऊक, त्या मेल्याच्या कानावर जाईल. चिडलात?"

"नाही."

"वहिनींनी मला एकदा शिकवली होती घडी. जमली नाही. मी उजवी, त्या डावखुऱ्या. त्यांचं शेपूट डावीकडून आत जायचं. मी म्हटलं, वहिनी, तुमचं सगळंच उलटं. तर म्हणाल्या, ह्यांना विचारा, ह्यांना अजून पत्ता नाही." शिलाईवाली हसली आणि मग हसायचं थांबली. "होता का हो तुम्हाला पत्ता?"

कॅशियरने चालता चालता विचार केला. ती डावखुरी होती हे त्याला अर्थातच माहीत होतं. ती डाव्या हाताने जेवण वाढायची, डाव्या हाताने कुलूप लावायची. घडी कुठल्या बाजूने वळायची आणि शेपूट कुठून आत जायचं ते मात्र माहीत नव्हतं. म्हणूनच त्या दिवशी दुसरा त्रिकोण पहिल्यावर चढला नव्हता.

"नव्हता," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने चळत तिसऱ्या खणात ठेवली. एवढ्या गच्च भरलेल्या खणाचा आता जेमतेम तळ झाकला गेला. चहा टाकावा म्हणून त्याने गॅस पेटवला, भांडं हातात घेतलं आणि सवयीने गुडघ्याने खण लोटला.

खण दोन बोटं उघडा राहिला.

कॅशियरने त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा लोटला. आत पुरतं वीतभरही सामान नव्हतं, तरी खण तिथेच अडला. मग त्याने भांडं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि फरशीवर गुडघे टेकून बसला. खण वर उचलून, डावीकडे रेटून ओढला, आणि नेहमीच्या जागी न थांबता ओढत राहिला. खण पूर्ण निघून हातात आला. तो त्याने बाजूला ठेवला, बाही वर केली आणि रिकाम्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला.

आधी जाळं लागलं. मग बाटलीचं एक बूच. मग अगदी मागे, फळी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, काहीतरी टोकदार बोटाला टोचलं.

त्याने ते बाहेर काढलं. दोन बाजूंच्या दाबाने त्रिकोण खापरासारखा कडक झाला होता. वर धुळीचा थर होता. त्याने अंगठ्याने धूळ पुसली, तेव्हा खालून निळा रंग आणि एका अक्षराचा अर्धा भाग दिसला. दुकान कुठलं ते उघडल्याशिवाय कळलं नसतं. त्याने शेपूट पाहिलं. डावीकडून आत गेलं होतं.

"बघितलं," तो म्हणाला.

घरात त्या वेळी कोणी नव्हतं. तरी त्याने उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबून पाहिलं. मग पुन्हा हात आत घातला, त्रिकोण चाचपत त्याच कोपऱ्यात, तसाच तिरपा बसवला आणि बूचसुद्धा होतं तिथे ठेवून दिलं. खण उचलून जागेवर लावला. उठताना ओट्याचा आधार घेतला आणि खण गुडघ्याने दाबला.

खण आत गेला. त्याने पाठ वळवली तसा पुन्हा दोन बोटं बाहेर आला.